स्पेनमध्ये बिऱ्हाड थाटताना

स्पेनमध्ये नव्याने उतरलेल्या परदेशी माणसाकडे पहिल्या पंधरवड्यात जो तो एकच गोष्ट मागतो: पत्ता. बँकेला खातं उघडायला पत्ता हवा, पोलिसांना ओळखपत्र द्यायला हवा, आरोग्य केंद्राला डॉक्टर नेमून द्यायला हवा, शाळेला मुलाचा अर्ज घ्यायला हवा. पत्ता हवा तर घर हवं. घर भाड्याने मागायला जावं, तर घरमालक विचारतो: तुमचा परकीय नागरिक क्रमांक कुठला? इथल्या बँकेत खातं आहे का? गेल्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या दाखवा. म्हणजे घराशिवाय कागद नाही आणि कागदाशिवाय घर नाही. हे चक्र कुठे तोडायचं ते ज्याला निघण्यापूर्वी उमगलं, त्याचं स्पेनमधलं अर्धं काम झालं, असं माझं मत आहे. अर्जांचे नमुने, शुल्कं, कचेऱ्यांची नावं पुढच्या प्रकरणांत येतीलच. इथे त्यांचा आपसातला क्रम सांगायचा आहे, कारण अडतं ते बहुतेक वेळा क्रमात.

स्पेन आता परक्यांकडे नवलाईने पाहणारा देश राहिलेला नाही. सुमारे ४.९ कोटी लोकसंख्येत नव्वद लाखांहून अधिक माणसं देशाबाहेर जन्मलेली आहेत. दक्षिणेच्या शेतांत मोरोक्कोचे मजूर आहेत, घरोघरी म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या कोलंबिया-व्हेनेझुएलाच्या बायका आहेत, अलिकांते आणि मालागाच्या किनाऱ्यावर निवृत्त ब्रिटिश ऊन खात बसलेले आहेत. कॅनरी बेटांत सिंधी व्यापाऱ्यांच्या पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत आणि बार्सिलोनाच्या रावाल भागात पंजाबी, बंगाली बोलून दिवसभराचा बाजार उरकता येतो. मराठी माणूस या गर्दीत उशिरा आणि तुरळक आला: माद्रिद-बार्सिलोनाच्या व्यवस्थापन शाळांतले विद्यार्थी, संगणक क्षेत्रातली नोकरदार मंडळी, त्यांचे जोडीदार, आणि अलीकडे लॅपटॉप घेऊन आलेले, दूर देशातल्या कंपनीचं काम करणारे. त्याच्या मदतीला मंडळ, भिशी, ओळखीचा काका असं फारसं काही नसतं. म्हणून कागद त्यालाच वाचावा लागतो.

गंमत अशी की १९६०च्या दशकात स्पेन स्वतःच माणसं बाहेर पाठवत होता. जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंडच्या कारखान्यांत लाखो स्पॅनिश मजूर राबले. परक्यांना सामावून घेण्याची यंत्रणा त्यामुळे तशी नवी आहे. तिचा मूळ कायदा २००० सालचा, आणि त्याखालची सध्याची नियमावली तर २० मे २०२५ रोजी लागू झाली. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राचा सल्ला आज लागू पडेलच असं नाही, ही गोष्ट मनात पक्की ठेवा. मित्र खोटं सांगत नसतो, त्याच्या वेळचा नियम वेगळा असतो.

स्पेनच्या सरकारी संथपणाची ख्याती जुनी आहे. मारियानो खोसे दे लार्रा या लेखकाने १८३३ साली एक खुसखुशीत निबंध लिहिला. एक फ्रेंच गृहस्थ पंधरा दिवसांत सगळी कामं उरकून परत जायचं ठरवून माद्रिदला येतात आणि प्रत्येक दारात त्यांना 'उद्या या' एवढंच ऐकायला मिळतं. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' म्हणणाऱ्या आपल्या माणसाला तो वाचताना घरी आल्यासारखं वाटेल. पण आजच्या स्पेनवर तो जसाच्या तसा चिकटवणं अन्यायाचं होईल. तिथला आयकर विभाग तुमचं विवरणपत्र अर्धंअधिक स्वतःच भरून देतो, वेगवान रेल्वे उत्तम आहे, संगणकीय प्रमाणपत्र हातात आलं की डझनभर कामं घरबसल्या होतात. संथपणा सगळा एका ठिकाणी साचला आहे: परक्यांच्या खिडकीसमोरच्या पूर्वनियोजित वेळेत. या वेळेला तिथे 'थीता प्रेविया' म्हणतात आणि हा शब्द तुम्ही 'ओला'च्या, म्हणजे नमस्काराच्या, पाठोपाठ शिकणार आहात. मोठ्या शहरांत संकेतस्थळावर वेळा उघडतात आणि काही मिनिटांत संपतात, कारण संगणकी बॉट लावून त्या आधीच उचलून विकणाऱ्या टोळ्या आहेत. पोलिसांनी अशा टोळ्या पकडल्याही आहेत. वेळ फुकट असते. ती विकत घेऊ नका. सकाळी कचेऱ्या उघडायच्या सुमारास रोज पाहा आणि त्याच प्रांतातल्या लहान गावाची कचेरी चालत असेल तर तिथली वेळ घ्या.

आता दारांविषयी. तुम्ही कुठल्या व्हिसावर जाता यावर पुढचं बरंच काही ठरतं आणि मागाहून दार बदलणं जिकिरीचं असतं. पर्यटक म्हणून शेंगेन भागात १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. 'जाऊन तर बघू, मग करू काहीतरी' हा विचार इथेच सोडून द्या. विद्यार्थ्याला महिन्याला ६०० युरोंची तजवीज दाखवावी लागते आणि अभ्यासाशी सुसंगत असं आठवड्याला ३० तासांपर्यंत काम करता येतं. काम न करता स्वतःच्या पैशांवर राहणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा आहे. त्याला महिन्याला २,४०० युरो, म्हणजे वर्षाला २८,८०० युरो उत्पन्न किंवा शिल्लक लागते आणि सोबतच्या प्रत्येक माणसामागे आणखी महिना ६०० युरो. पुण्यात दोन फ्लॅटचं भाडं येणाऱ्या निवृत्त जोडप्याला हे दार सोयीचं वाटेल, पण यावर कुठलंच काम चालत नाही, घरात बसून भारतातल्या कंपनीचंही नाही.

तसं काम करणाऱ्यांसाठी २०२३च्या सुरुवातीपासून स्वतंत्र परवाना आला. त्यासाठी किमान वेतनाच्या दुप्पट उत्पन्न लागतं. २०२५च्या वेतनावरून ते महिन्याला सुमारे २,७६० युरो होतं. कंपनी किमान वर्षभर जुनी हवी आणि तुमचं तिच्याशी नातं किमान तीन महिन्यांचं हवं. अर्ज अडकतो तो सामाजिक सुरक्षेपाशी: तुमच्या कामगार विम्याचा भार कोण आणि कुठे उचलणार, याचं लेखी उत्तर द्यावं लागतं. भारतीय कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला हा प्रश्नच नवा असतो, म्हणून तो तिकीट काढण्याआधी सोडवा. पाच लाख युरोंचं घर घेऊन मिळणारा 'सोनेरी व्हिसा' ३ एप्रिल २०२५पासून बंद झाला आहे. जो दलाल अजून त्याची जाहिरात करतो त्याच्याकडून दुसरं काहीही घेऊ नका.

भारतातून न्यायचे कागद हा कंटाळवाणा विषय, पण इथली कसर तिथे भरून निघत नाही. जन्मदाखला, विवाहनोंदणीचा दाखला, पदवी, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र यांवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा प्रमाणीकरणाचा शिक्का, हवं. भारत २००५पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य आहे, त्यामुळे दूतावासाच्या शिक्क्यांची जुनी साखळी आता लागत नाही. त्यानंतर स्पेनच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेल्या शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिश अनुवाद करून घ्यायचा. क्रम महत्त्वाचा: आधी अपॉस्टिल, मग अनुवाद, कारण शिक्क्याचाही अनुवाद लागतो. चारित्र्य प्रमाणपत्राचं आयुष्य काही महिन्यांचंच असतं, ते शेवटी काढा. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, वास्तुविशारद यांना तिथे व्यवसाय करायचा तर पदवीला सरकारी समकक्षता मिळवावी लागते, आणि तिची वाट वर्षात मोजायची तयारी ठेवावी.

याहून मोठा घोळ नावाचा होतो आणि तो खास आपला आहे. मराठी माणसाचं नाव तिपदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, बहुधा पहिलं वडिलांकडचं आणि दुसरं आईकडचं, आणि लग्नानंतर बाई आपलं नाव बदलत नाही. त्यामुळे 'स्नेहा विजय कुलकर्णी' हे नाव खिडकीपलीकडचा कारकून सहजपणे असं वाचतो: नाव स्नेहा, पहिलं आडनाव विजय, दुसरं कुलकर्णी. दवाखान्यात मग 'सेन्योरा विजय' अशी हाक येते आणि आपल्याला बोलावलं हे स्नेहाताईंना कळत नाही. हाक चुकली तर चालेल, पण एका कचेरीत विजय, दुसरीत कुलकर्णी असं झालं की बँकेचं खातं आणि निवासपत्र एकमेकांना ओळखत नाहीत. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात जे छापलं आहे तेच सगळीकडे लिहा, दुसऱ्या आडनावाचा रकाना मोकळा सोडा, आणि कुठल्याही कागदावर सही करण्यापूर्वी छापलेलं नाव अक्षर न् अक्षर तपासा. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी विवाहाच्या दाखल्यासोबत नावबदलाचं राजपत्रही अपॉस्टिल करून न्यावं. एका बाईची दोन पूर्ण वेगळी नावं कशी असू शकतात हे तिथल्या कारकुनाला खरोखरच समजत नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आता आईचंही नाव येतं, म्हणजे पुढच्या पिढीचं नाव चौपदरी होणार. निर्णय चांगला आहे, स्पेनच्या रकान्यांना मात्र तो आणखी बुचकळ्यात टाकील.

आता घर आणि कागदाच्या त्या चक्राकडे. तीन गोष्टींची गल्लत होते, त्या आधी वेगळ्या करू. एनआयई हा परकीय नागरिकाचा क्रमांक: एक्स, वाय किंवा झेड या अक्षराने सुरू होणारा, मग सात आकडे, शेवटी एक अक्षर. तो जन्मभर बदलत नाही आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर बहुधा छापूनच येतो. टीआयई हे प्लॅस्टिकचं ओळखपत्र. त्यासाठी देशात आल्यापासून महिन्याभरात पोलिसांकडे अर्ज करायचा, बोटांचे ठसे द्यायचे, काही आठवड्यांनी ते घेऊन यायचं. तिसरी गोष्ट म्हणजे पाद्रॉन, नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीतली तुमची नोंद. क्रमांक केंद्र सरकारचा, ओळखपत्र पोलिसांचं, नोंद नगरपालिकेची, आणि एकाच्या खिडकीवर दुसऱ्याविषयी विचारलं तर खांदे उडवण्यापलीकडे उत्तर मिळत नाही.

नवखा माणूस ओळखपत्राच्या मागे धावतो आणि पाद्रॉनला किरकोळ समजतो. माझ्या मते आधी पाद्रॉन. ही नोंद करताना नगरपालिका तुमचा व्हिसा तपासत नाही. ती फक्त तुम्ही या शहरात राहता एवढं लिहून घेते. पण त्या एका ओळीवर आरोग्यपत्र मिळतं, शाळाप्रवेशात घराजवळच्या शाळेचे गुण मिळतात, अनेक प्रांतांत ओळखपत्राच्या अर्जाला तिचाच दाखला लागतो, आणि कागदपत्रांविना राहिलेल्या माणसाला काही वर्षांनी कायदेशीर होण्याचा जो मार्ग आहे त्यातही राहिल्याचा सर्वांत भक्कम पुरावा हाच. युरोपीय संघाबाहेरच्या ज्यांना कायम निवास मिळालेला नाही त्यांनी दर दोन वर्षांनी ती नवी करायची असते. विसरलात तर नाव वगळलं जातं.

तेव्हा चक्र तोडायचं ते इथे. पहिले दोन-तीन महिने आयतं मोठं घर शोधण्याच्या भरीस न पडता अशी खोली किंवा लहान घर घ्या, जिथे पाद्रॉनवर नाव नोंदवू देण्याचं मालक लेखी कबूल करतो. करार तुमच्या नावावर नसेल तर मालकाचं किंवा तिथे आधी नोंद असलेल्या भाडेकरूचं संमतिपत्र बऱ्याच नगरपालिकांना चालतं. जो मालक 'राहा, पण नोंद करू नका' म्हणतो त्याचं घर कितीही हवेशीर असो, सोडून द्या. बँकेत पासपोर्टवर अनिवासी खातं उघडता येतं. ओळखपत्र आलं की ते खातं निवासी करून घ्यायचं. असं खातं, नोंद आणि एखाद-दोन पगारपावत्या हाताशी आल्या की मग मनासारखं घर बघा.

भाड्याच्या कायद्यातलं थोडं ठाऊक असलेलं बरं. मूळ कायदा १९९४चा. नेहमीच्या राहण्यासाठी घेतलेल्या घरात, मालक व्यक्ती असेल तर पाच वर्षांपर्यंत आणि कंपनी असेल तर सात वर्षांपर्यंत राहण्याचा हक्क भाडेकरूला आहे. सहा महिने झाल्यावर ३० दिवसांची सूचना देऊन तुम्ही घर सोडू शकता. कायदेशीर अनामत एका महिन्याची, त्यावर अशा करारात आणखी दोन महिन्यांपर्यंतची हमी मागता येते. २०२३च्या गृहनिर्माण कायद्यापासून दलालाची फी मालकाने द्यायची आहे. यातून निसटायला बरेच मालक अकरा महिन्यांचा 'हंगामी' करार पुढे करतात, ज्याला हे संरक्षण नाही. अकरा महिन्यांचा करार आपल्याकडचा नेहमीचाच, त्यामुळे मराठी माणूस निःशंकपणे सही करतो. तिथे त्याच आकड्याकडे संशयाने पाहायचं. आणि घर न पाहता, 'मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल' म्हणणाऱ्याला एक युरोही पाठवू नका.

घर पाहायला जाल तर शक्यतो हिवाळ्यात जा. स्पेन म्हणजे ऊन, हे चित्र डोक्यात घेऊन गेलेली माणसं जानेवारीत ग्रानादात किंवा माद्रिदमध्ये घरात कुडकुडतात. उष्णतारोधनाचा पहिला नियम तिथे १९७९ साली आला. त्याआधीच्या इमारतींच्या भिंती आणि फरश्या उन्हाळ्यासाठी बांधलेल्या आहेत. दक्षिणेत कित्येक घरांत मध्यवर्ती तापव्यवस्थाच नसते. तिथली जुनी माणसं गोल टेबलाखाली शेगडी ठेवून, पायांवर टेबलाची जाड झालर ओढून बसतात. भाड्याने देताना घराचं ए ते जीपर्यंतचं ऊर्जा प्रमाणपत्र दाखवणं मालकावर बंधनकारक आहे, ते मागा. खिडक्यांना बाहेरून गुंडाळपट्टीचे पडदे असतात, पेर्सियाना म्हणतात त्यांना. जुलैत ते सकाळी दहालाच खाली ओढून घर अंधारं करायचं आणि रात्री वर घ्यायचे. आपल्याला दिवसा अंधारात बसणं अशुभ वाटतं, पण सेव्हियात ४० अंशांना दुसरा उपाय स्वस्त नाही.

विजेच्या करारात घराची कमाल क्षमता ठरलेली असते. ३.४५ किलोवॉट हा नेहमी दिसणारा आकडा; त्यावर ओव्हन, कपडे धुण्याचं यंत्र आणि हीटर एकदम चालवले की घर काळोखात जातं. क्षमता वाढवता येते, दरमहा जास्त भरावं लागतं इतकंच. २०२१पासून सरकारी दरपत्रकात दिवसाचे तीन भाग आहेत: सकाळी १० ते २ आणि संध्याकाळी ६ ते १० सर्वांत महाग, मध्यरात्री ते सकाळी ८ आणि शनिवार-रविवार सर्वांत स्वस्त. जुन्या इमारतींत पाइप गॅस नसेल तर १२.५ किलोचं नारिंगी सिलिंडर येतं आणि उद्वाहन नसेल तर ते चौथ्या मजल्यापर्यंत चढवणाऱ्याला बक्षिसी द्यायची रीत आहे. २८ एप्रिल २०२५ला दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन-पोर्तुगालच्या साऱ्या द्वीपकल्पाची वीज गेली तेव्हा कार्डं, फोन, रेल्वे सगळंच ठप्प झालं. थोडी रोकड आणि बॅटरीवरचा रेडिओ घरी असू द्या.

स्पेन हा एक देश असला तरी कारभार १७ स्वायत्त प्रांतांचा आहे. आरोग्य आणि शिक्षण त्यांच्या हाती. व्हॅलेन्सियातल्या माणसाने सांगितलेली दवाखान्याची रीत बिल्बाओत चालत नाही. नोकरी करून सामाजिक सुरक्षेत वर्गणी भरणाऱ्याला आणि त्याच्या कुटुंबाला सरकारी वैद्यकीय सेवा मिळते. विद्यार्थी आणि स्वतःच्या पैशांवर राहणाऱ्यांना खाजगी विमा लागतो आणि तोही प्रत्येक भेटीला वेगळे पैसे न घेणारा. भारतातून काढलेला प्रवासी विमा तिथे उभा राहत नाही. वर्षभर राहिल्यानंतर महिन्याला ६० युरो भरून, ६५ किंवा त्याहून अधिक वय असेल तर १५७ युरो भरून, सरकारी सेवेत शिरण्याची एक सोय आहे, तिच्याविषयी फार कमी लोकांना माहिती असते. मुलांच्या बाबतीत भाषेचा विचार आधीच करा. कॅटालोनियात सरकारी शाळा मुख्यतः कॅटलानमधून चालते. बास्क प्रांतात, गॅलिसियात, व्हॅलेन्सियातही स्थानिक भाषा आहे. सहा वर्षांचं मूल दोन्ही भाषा वर्षात उचलतं, चौदा वर्षांच्या मुलीला त्याच शाळेत घालणं वेगळी गोष्ट. तुम्हाला स्वतःला स्पॅनिश लागेलच. बार्सिलोनाच्या कचेरीत इंग्रजीने काम होईल ही आशा पहिल्याच भेटीत संपते. दोन-चार वाक्यं कॅटलानची आली तर शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो पुण्यात मराठी बोलणाऱ्या परप्रांतीयाला ठाऊक असेल.

दिवसाचं वेळापत्रक अंगवळणी पडायला सर्वांत जास्त दिवस लागतात. ग्रीनिचची रेषा स्पेनमधून जाते, तरी १९४०पासून घड्याळं मध्य युरोपच्या वेळेवर आहेत, त्यामुळे सूर्य नेहमी उशिरा येतो आणि उशिरा जातो; गॅलिसियात जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो. जेवण दुपारी दोन ते साडेतीन, रात्री नऊनंतर. कचेऱ्या बहुधा दुपारी दोनला संपतात, लहान दुकानं दोन ते पाच बंद, आणि ऑगस्टमध्ये कुठलंही काम काढू नये. आरोग्य केंद्रात किंवा मंडईत गेल्यावर रांग दिसत नाही म्हणून पुढे जाऊ नका. आत शिरताना सगळ्यांना नमस्कार करून 'शेवटचं कोण?' असं विचारायचं, हात वर करणाऱ्याला लक्षात ठेवायचं आणि निवांत बसायचं. ही न दिसणारी रांग अत्यंत काटेकोर असते.

शाकाहाऱ्यांना एक इशारा. 'भाज्यांचं सँडविच' मागितलं तर त्यात टूना मासा आणि अंडं असतं, मसुराच्या आमटीत सॉसेज असतं, आणि 'मांस नको' म्हटल्यावर हॅम घातलेली भाजी येते, कारण बऱ्याच जणांच्या लेखी हॅम हे मांसात मोडत नाही. काय काय नको ते एकेक नाव घेऊन सांगा. सेव्हियाकडचे पालक-हरभरे, टोमॅटो चोळलेला पाव, वांगी-ढोबळी मिरचीची पिस्तो यांवर माणूस सुखाने राहतो. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, तूरडाळ माद्रिदच्या लावापिएस भागात मिळते.

पैशांविषयी थोडक्यात, कारण पुढे त्याला स्वतंत्र प्रकरण आहे. वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की तुम्ही करदृष्ट्या स्पेनचे रहिवासी झालात आणि तुमचं जगभरातलं उत्पन्न तिथे दाखवावं लागतं. पुण्याच्या फ्लॅटचं भाडं आणि मुदत ठेवीचं व्याजही. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण तो आपोआप लागू होत नाही, मागावा लागतो. परदेशातली बँक खाती, गुंतवणूक, स्थावर यांपैकी कुठल्याही एका गटाची किंमत ५०,००० युरोंवर गेली तर ३१ मार्चपर्यंत ७२० क्रमांकाचं माहितीपत्रक भरायचं असतं. मुंबईत वडिलोपार्जित घर असलेला मध्यमवर्गीय माणूसही त्यात सहज बसतो. नोकरीसाठी नव्याने येणाऱ्यांना मात्र सहा वर्षं सहा लाख युरोंपर्यंतच्या पगारावर सरसकट २४ टक्के कराचा पर्याय आहे, जो फुटबॉलपटू बेकहॅमच्या नावाने ओळखला जातो. सामाजिक सुरक्षेत नाव नोंदल्यापासून सहा महिन्यांत अर्ज केला नाही तर तो हातचा जातो. कमी पगारावर तो फायद्याचा नाही, आधी हिशेब करा. हे सगळं करायला तिथे 'खेस्तोर' नावाचा व्यावसायिक असतो, थोडा कर सल्लागार, थोडा अर्जलेखक. त्याची फी देताना हात आखडू नका. जाता जाता वाहनाचंही: भारतीय वाहन परवाना निवासाच्या पहिल्या सहा महिन्यांपुरताच चालतो आणि तो बदलून मिळत नाही. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते, रस्त्यावरची स्पॅनिशमध्येच.

एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. एप्रिल २०२४मध्ये कॅनरी बेटांत हजारो लोक पर्यटनाच्या अतिरेकाविरुद्ध रस्त्यावर उतरले, त्या जुलैत बार्सिलोनात निदर्शकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. घरभाडी स्थानिक पगारांच्या आवाक्याबाहेर गेली आहेत आणि बाहेरचा पगार घेऊन येणारा लॅपटॉपवाला त्यात भर घालतो, हा तिथल्या माणसाचा राग बिनबुडाचा नाही. पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सुमारे दहा हजार घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८पर्यंत संपवायचं बार्सिलोनाने ठरवलं आहे. मागेल ते भाडं देऊन घर पटकवण्याआधी त्या मोहल्ल्यातला चालू दर विचारावा, एवढं तरी आपल्या हाती आहे.

गोव्यातले वाचक वेगळ्या वाटेने येतात. ज्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे ते युरोपीय संघाचे नागरिक. त्यांना व्हिसा लागत नाही, तीन महिन्यांत नोंदणी करून हिरवा दाखला घ्यायचा असतो. नोकरी किंवा पुरेसा पैसा आणि विमा त्यांनाही दाखवावा लागतो.

बाकीच्यांना पाच वर्षांनी दीर्घकालीन निवास मिळतो, मात्र त्या काळातली देशाबाहेरची एकूण गैरहजेरी दहा महिन्यांच्या आत हवी. गणपती, दिवाळी, आजारपणं, लग्नं यांचा हिशेब लिहून ठेवा. ओळखपत्र नूतनीकरणाला गेलेलं असताना घरी यायचं झालं तर निघण्याआधी परतीचा परवाना काढा, नाहीतर विमानात चढू देणार नाहीत. नागरिकत्वासाठी भारतीयांना दहा वर्षं, स्पॅनिश जोडीदार असेल तर एक वर्ष, शिवाय भाषेची आणि राज्यघटना-समाजाविषयीची अशा दोन परीक्षा. नागरिक होताना दोन आडनावं लावावीच लागतात, दुसरं आईचं माहेरचं, आणि आपल्या जन्मदाखल्यांवर ते बहुधा नसतंच. त्याचा पुरावा आई-आजोबांच्या कागदांतून शोधावा लागतो. शपथेत मूळ नागरिकत्व सोडल्याचं जाहीर करायचं असतं आणि भारतालाही दुहेरी नागरिकत्व मान्य नाही, तेव्हा पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड घ्यावं लागतं. गावी सातबाऱ्यावर नाव असलेल्यांनी त्याआधी वकिलाला गाठावं: कार्डधारकाला वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही.